हेडफोन घ्यावा पत्ता पाहून

कान पूर्ण झाकणारा मोठा हेडफोन घ्यायचा ठरला की माणूस तीन प्रश्नांची उत्तरं तयार ठेवून दुकानात शिरतो: पैसे किती घालायचे, कंपनी कोणती आणि ‘बेस’ किती हवा. दुकानदारही हेच तीन विचारतो. तुम्ही राहता कुठे, हा चौथा प्रश्न फक्त बिलावर पत्ता घालण्यासाठी येतो आणि तोवर कार्ड मशिनमधून फिरून आलेलं असतं. माझं म्हणणं असं की हा प्रश्न पहिला विचारावा. त्याचं उत्तर मिळालं की बाकीचे तीन बरेचसे आपोआप सुटतात. हे पटवून द्यायला मावळाइतका सोयीचा तालुका दुसरा नाही. तळेगावच्या सोसायट्या, लोकलचा डबा, द्रुतगती मार्गालगतची गावं, शनिवार-रविवारी भाड्याने जाणारे लोणावळ्याचे बंगले, राजमाचीकडची रात्रीची सामसूम असे आवाजाचे आणि शांततेचे झाडून सगळे प्रकार इथे एकाच तहसीलदाराच्या हद्दीत नांदतात. त्यावर वर्षाला ४,००० मिलिमीटरहून अधिक कोसळणारा लोणावळ्याचा पाऊस. इथे जो हेडफोन नालायक ठरतो तो नेमका कशापायी ठरला, हे तरी नीट सांगता येतं.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. आवाजाची आवड ज्याची त्याची, तिथे पत्त्याचा काय संबंध? कुणाला ढोलकी छातीत वाजायला हवी असते, कुणाला तंबोऱ्याची जवारी सुटी सुटी ऐकायची असते. हे ऐकायला फार उदार वाटतं. पण हर्मन या कंपनीतल्या शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ नंतरच्या काही वर्षांत निरनिराळ्या देशांतल्या, निरनिराळ्या वयांच्या माणसांना, कोणता हेडफोन वाजतोय याचा पत्ता लागू न देता आवाज ऐकवले. बहुसंख्यांची पसंती जवळजवळ एकाच ठेवणीला पडली: चांगल्या खोलीत मांडलेल्या चांगल्या स्पीकरचा वाटावा असा आवाज, खर्जाची बाजू किंचित उचललेली. उरलेल्यांत काहींना बेस आणखी हवा होता, काहींना कमी. झालं, एवढाच काय तो मतभेद. म्हणजे आपली रसिकता चारचौघांसारखी नाही अशी ज्याची बालंबाल खात्री आहे, त्याला आवडणारा हेडफोन चारचौघांना आवडणाराच निघण्याची शक्यता दांडगी. पुण्याच्या माणसाला हे पचायला जड जाईल, पण प्रयोग काही त्याला विचारून केलेले नव्हते. शिवाय कमी-जास्तीचा जो फरक उरतो तो मोबाइलमधल्या इक्वलायझरवर बोट फिरवून भागतो आणि त्याला दमडी पडत नाही. बोट फिरवून बदलत नाहीत ते शेजारी, पाऊस आणि मध्य रेल्वे.

दुसरा आक्षेप खिशातून निघतो: महाग ते चांगलं. येरून ब्रेबार्ट या संशोधकाने २०१७ साली २८३ हेडफोनांची मोजमापं समोर ठेवून किंमत आणि आवाजाची ठेवण यांचं काही नातं लागतं का, ते तपासलं. लागलं नाही. यावरून कुणी फुटपाथवरचा दोनशे रुपयांचा नग उचलू नये. जास्त पैशांत बिजागरी मजबूत मिळते, गादी मऊ मिळते, डोक्यावरची पट्टी वर्षभरात कडकन मोडत नाही. हे सगळं मोलाचं आहे, पण त्याला आवाज म्हणत नाहीत. खोक्यावर ‘४०,००० हर्ट्झपर्यंत’ असं लिहिलेलं असतं आणि शेजारी ‘हाय-रेझ’चं सोनेरी लेबल असतं. माणसाचा कान ऐन तारुण्यात फार तर २०,००० हर्ट्झपर्यंत पोचतो. त्यापुढचा पट्टा वटवाघळांच्या उपयोगाचा. मावळातल्या गुहांमध्ये वटवाघळांना तोटा नाही, पण त्यांच्यापैकी कुणी लेबल पाहून खरेदी केल्याचं ऐकिवात नाही. त्यातून वय वाढेल तशी माणसाची वरची मर्यादा खाली खाली येते. ज्या वयात सगळं ऐकू येतं त्या वयात पैसे नसतात. पैसे येतात, लोणावळ्यात बंगला होतो, तीस हजारांचा हेडफोन येतो आणि वरचे स्वर मात्र मुंबईलाच राहिलेले असतात. आणि त्या हेडफोनवर ऐकायचं काय, तर पुष्कळदा जुन्या तबकड्या. १९२५ च्या आधीची ध्वनिमुद्रणं कर्ण्यात तोंड घालून, विजेच्या मायक्रोफोनशिवाय केलेली. खर्जातलं खूपसं आणि टीपेतलं बरंचसं त्यांत मुळात उमटलेलंच नाही. ते कुठलाही हेडफोन परत आणू शकत नाही. तबकडीची खरखर मात्र उमटलेली आहे, आणि जेवढा हेडफोन भारी तेवढी ती स्वच्छ ऐकू येते. बालगंधर्वांचं नाट्यपद ऐकताना तीन मिनिटं सुईचं पायी चालणं ऐकायचं असेल तर खुशाल पैसे घालावेत.

मग दुकानात कानाला लावूनच पाहावं, असं कुणी म्हणेल. पाहावं, पण दुकान हाही एक पत्ताच असतो आणि तिथे आपण राहत नाही. बेल प्रयोगशाळेतल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली दाखवून दिलं की आवाज लहान केला की कानाला खर्ज सगळ्यात आधी कमी वाटू लागतो. मोठा केला की तोच खर्ज भरभरून येतो. विक्रेत्याला ही नावं ठाऊक नसतात, पण सिद्धांत पाठ असतो. म्हणून महागाचा हेडफोन देताना तो आवाज दोन काड्या वर ठेवतो. ऐकवायचं गाणंही बहुतेक ठरलेलं: ‘हॉटेल कॅलिफोर्निया’चं १९९४ च्या मैफलीतलं ध्वनिमुद्रण. ज्याच्या घरी पहाटे अभंग आणि रात्री बातम्यांपलीकडे काही वाजत नाही त्यालाही तेच ऐकवतात, आणि तोही ते गिटार ऐकून हरखतो. दोन हेडफोनांची तुलना करायची तर दोन्हींचा आवाज कानाला सारखा वाटेल इतका जुळवून घ्यावा आणि गाणं आपलं न्यावं. दुकानदार वैतागेल. वैतागू द्यावा.

आता लोकल. पुणे ते लोणावळा ६४ किलोमीटर. विजेच्या लोकल या मार्गावर १९७८ च्या मार्चमध्ये सुरू झाल्या. योगायोग असा की त्याच वर्षी अमर बोस झुरिचहून बोस्टनला विमानाने निघाले होते. वडील बंगालमधून अमेरिकेत गेलेले. मुलगा एमआयटीत प्राध्यापक आणि ध्वनितज्ज्ञ. विमानात मिळालेल्या हेडफोनमध्ये इंजिनाच्या घरघरीपुढे काही ऐकू येईना, तेव्हा बाहेरचा आवाज मायक्रोफोनने टिपायचा आणि त्याच्या बरोबर उलट्या लहरी कानाशी सोडून तो मारायचा, या कल्पनेची आकडेमोड त्यांनी तिथेच सुरू केली. आज ‘नॉइज कॅन्सलिंग’ म्हणून जे विकलं जातं त्याची ही कुळकथा. ही करामत एकसुरी, खालच्या पट्टीतल्या घरघरीवर उत्तम चालते. अगदी वरच्या पट्टीतले आवाज कानाभोवतीची जाड गादीच अडवते. अडत नाही ती मधली पट्टी, आणि मधल्या पट्टीत निसर्गाने नेमकं माणसाचं बोलणं ठेवलेलं आहे. विमानात याने फारसं बिघडत नाही, कारण तिथे लोक झोपतात. लोकलमध्ये कोण झोपतो? गाडीची घरघर होती तोवर शेजारच्या बाकावरचं संभाषण त्या घरघरीत विरून जायचं. बटण दाबलं की घरघर जाते आणि दापोडीपासून देहूरोडपर्यंत कुणाच्या तरी पुतण्याचं मोडलेलं लग्न, मुलीकडच्यांनी काय शब्द वापरले इथपर्यंत, स्वच्छ ऐकू येतं. तीस हजार रुपये मोजून माणूस दुसऱ्याच्या घरचं इतकं नीट ऐकतो की कामशेतला उतरताना त्यालाही आपलं मत द्यावंसं वाटतं.

एवढं बोलून झाल्यावरही मी म्हणेन की तळेगाव किंवा वडगावहून रोज पुण्याला जाणाऱ्याने पैसे घालायचे असतील तर इथेच घालावेत. कारण ऐषारामाचं नाही, कानाच्या आयुष्याचं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास सोसतो. ९० डेसिबलचा केवळ ४ तास. दहा आकडे वर गेल्यावर मुदत दहावा हिस्सा उरते. उघड्या दाराच्या लोकलमध्ये साधा हेडफोन लावणारा माणूस गाडीवर मात करण्यासाठी आवाज चढवतो, गाडी वेग घेते, तो आणखी चढवतो, आणि शिवाजीनगरला उतरल्यावर आवाज कमी करायचं विसरतो. बाहेरची घरघर मेली की निम्म्या आवाजात भागतं. तेव्हा पुतण्याचं लग्न ही या यंत्राची किंमत समजावी आणि भरून टाकावी.

घरी बसून ऐकणाऱ्याचं गणित निराळं आहे. त्याला पाठीमागे जाळी असलेला, उघड्या पाठीचा हेडफोन मोह घालतो. सेनहायझरने १९६८ मध्ये पिवळ्या स्पंजाच्या गाद्यांचा एचडी ४१४ काढला तेव्हापासून या जातीची कीर्ती आहे: आवाज डोक्यात कोंडत नाही, आजूबाजूला पसरल्यासारखा वाटतो. (ज्याला पसरलेल्या आवाजाची फारच हौस आहे त्याने गर्दी नसलेल्या दिवशी कार्ल्याच्या चैत्यगृहात उभं राहून एक ‘ओम’ म्हणावा; असा घुमार कुठल्याच दुकानात मिळत नाही.) पण पाठ उघडी म्हणजे दोन्हीकडून उघडी. आतलं बाहेर जातं, बाहेरचं आत येतं. राजमाचीकडच्या गावात हिवाळ्यातल्या रात्री असा हेडफोन म्हणजे सुख. तोच जुलैत, पत्र्याच्या छपराखाली लावला तर मल्हारातल्या कुठल्याही बंदिशीला छपराची साथ इतकी जोरकस मिळते की मुख्य कलाकार कोण, असा प्रश्न पडावा. भाड्याच्या बंगल्याशेजारी राहणाऱ्याला तर पर्याय नाहीच. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपकाला बंदी घालणारा नियम २००० सालापासून आहे, पण तो वाचून दाखवण्याइतकी शांतता व्हायलाच पहाट होते. तिथे बंद पाठीचा, जाड गादीचा हेडफोनच हवा. त्यानेही डीजेचा वरचा कर्कश भाग तेवढा जाईल. खालचा दणका जमिनीतून, पलंगाच्या पायांतून वर येतो, त्याला कानाची वाट लागत नाही.

उघड्या पाठीच्या नामांकित हेडफोनांत आणखी एक खोड असते. सेनहायझरचा एचडी ६०० हा १९९७ पासून नावाजलेला, पण ३०० ओहमचा. मोबाइलला थेट जोडला तर गायक शेजारच्या खोलीत, दार लोटून गातोय असं वाटतं. बोरघाटाचा सदतीसास एक चढ चढायला कर्जतला गाडीच्या मागे बँकर इंजिनं लागतात, तसा याच्या मागे वेगळा अॅम्प्लिफायर लावावा लागतो, आणि त्याचे पैसे हेडफोनच्या किमतीत धरलेले नसतात. मोबाइलला हेडफोनचं भोकच नसेल तर आधी ते भोक वेगळं विकत घ्यायचं. बंद पाठीचेही याला अपवाद नाहीत: बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो ३२, ८० आणि २५० ओहम अशा तीन अवतारांत निघतो. सवलतीत मिळाला म्हणून २५० वाला आणायचा आणि ‘कंपनी भिकार निघाली’ असं म्हणत तो कपाटात ठेवायचा, हा प्रकार केवळ आकडा न वाचण्यातून होतो. फोनवरच ऐकणाऱ्याने कमी ओहमचा घ्यावा. विषय मिटला.

बंद पाठीच्या हेडफोनचाही एक दोष आहे आणि तो लोणावळ्याइतका दुसरीकडे कुठे जाणवणार नाही. कान बाहेरून बंद केला की आपल्याच हाडांतून येणारे खालच्या पट्टीतले आवाज आत कोंडतात आणि फुगतात. बोललेलं घुमतं, घोटलेली लाळ ऐकू येते. अशा अवस्थेत कडक शेंगदाणा चिक्कीचा तुकडा दाढेखाली घेऊन पाहावा. पहिल्या चाव्याला दरड कोसळल्याचा भास होतो. मग खडी फोडल्यासारखा चुरा होतो. मग गुळाचा चिकट भाग दाढेवरून सुटताना एक लांबलचक, ओलसर आवाज येतो, त्यात गायकाची आख्खी तान बुडते. काजूची चिक्की तुलनेने संगीताला पोषक आहे. याच तत्त्वाचा सदुपयोगही इथे जुना आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये स्थापन केलेल्या कैवल्यधामाच्या या गावात भ्रामरी प्राणायामाबद्दल वेगळं सांगायला नको: अंगठ्यांनी कान मिटायचे आणि भुंग्यासारखा गुंजारव करायचा. बेस भरपूर, चार्जिंग नको, शेजाऱ्याला उपद्रव शून्य. खर्चाच्या रकान्यात ज्यांना खरोखरच काही लिहायचं नाही, त्यांनी खरेदीआधी आठवडाभर हे करून बघायला हरकत नाही.

आता कुणी विचारेल, एवढा व्याप कशाला, कानात घालायच्या चिमुकल्या बोंड्या काय वाईट? प्रवासाला वाईट नाहीत. पण मावळातल्या पावसाळ्यात कान आधीच दमट, त्यात रबराचं बूच तासन्‌तास बसवलं की बुरशीला आयतं घर मिळतं, आणि कानातली बुरशी हे दमट हवेतलं नेहमीचं दुखणं आहे. दुसरी गोष्ट घरगुती राजकारणाची. बोंडी दिसत नाही. केसांखाली झाकलेली बोंडी घालून माणूस बसला की आई त्याच्याशी भाजीबद्दल बोलते, वडील लाइटच्या बिलाबद्दल बोलतात, उत्तर येत नाही आणि प्रकरण संस्कारांवर जातं. मोठा हेडफोन ओसरीपासून दिसतो. दार लावून बसण्याची रीत ज्या घरात नाही, तिथे ‘आत्ता नको’ हे न बोलता सांगण्याचा तो एकच मार्ग आहे, आणि निम्मे लोक हा मार्ग काहीही न वाजवता वापरत असावेत असा माझा दाट संशय आहे. मात्र मोठा घ्यायचा तर कानाबरोबर कानावरचं आणि डोक्यावरचं सामानही मोजावं. गादी कानाभोवती चहूकडून बसली तरच खर्ज टिकतो; चष्म्याची काडी तिथे फट पाडते आणि बेस तिच्यातून निघून जातो, मग लोक कंपनीला शिव्या देतात. कान पूर्ण आत मावत नसेल तर भिकबाळीचा मोती गादी आणि कानाच्या पाळीच्या मध्ये सापडतो आणि अर्ध्या तासात शास्त्रीय संगीताबद्दलचं मत बदलतं. बुगडीचंही तेच. अंबाडा असेल तर डोक्यावरची पट्टी एक तर पुढे कपाळावर उतरते, नाही तर मागे मानेवर. परदेशी बनावटीचे हे हेडफोन ज्या डोक्यांवर चाचणी करून निघाले, त्यांत अंबाडा घातलेलं एकही नसावं.

राहता राहिला पाऊस, आणि माझ्या मते तोच निकाल लावणारा पंच. तळेगावला पाऊस बेताचा. पश्चिमेकडे घाटमाथ्याला सरकावं तसा वाढत जातो आणि लोणावळ्यात जून ते सप्टेंबर कपाटातल्या चपलाही हिरव्या होतात. हेडफोनच्या गादीवर जे काळं ‘लेदर’ असतं ते बहुधा कापडावर चढवलेला प्लास्टिकचा पातळ थर असतो. दमट हवा आणि घाम यांनी दोन-तीन पावसाळ्यांत त्याला सुरकुत्या पडतात, मग नखाएवढे पोपडे सुटतात, आणि हेडफोन काढल्यावर कानामागे, गालावर, शर्टाच्या कॉलरवर काळी कात पसरलेली दिसते. जो पंधरा हजारांचा आहे त्याचीही अशीच पसरते; पोपडा किंमत पाहून सुटत नाही. यावर उपाय दोन. पावसाळ्यात हेडफोन हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा. या पुड्या बुटांच्या खोक्यांतून फुकट जमतात. आणि गादी बदलून मिळेल असाच हेडफोन घ्यावा. सोनीचा एमडीआर-७५०६ हा १९९१ पासून विकला जातो, त्याची गादी ओढून काढता येते, नवी बसवता येते. बिनवायरच्या झगमगीत हेडफोनांत गादी मिळाली तरी आतली बॅटरी थकते, आणि ती बदलायची म्हटलं की सर्व्हिस सेंटरमधला मुलगा नवीन मॉडेलचं पत्रक पुढे करतो.

म्हणून लोणावळेकराने किंमत विचारण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात: गादी सुटी मिळते का, वायर सुटी मिळते का, बॅटरी बदलता येते का. दुकानदार ‘काही होत नाही साहेब, बिनधास्त वापरा’ असं म्हणाला तर ते मॉडेल तिथेच ठेवावं. शंका उरलीच तर सकाळची लोकल पकडून पुण्याला बुधवार पेठेत तपकीर गल्लीत जावं आणि त्या मॉडेलची गादी आहे का, एवढंच विचारावं. तिथला माणूस हेडफोनचं नाव ऐकून न बघता मागच्या खणात हात घालत असेल तर हेडफोन घ्यावा. तो ‘कुठल्या कंपनीचा म्हणालात?’ असं विचारत असेल, तर परतीची गाडी कितीला आहे तेवढं त्यालाच विचारून घ्यावं.